खुब्याचा सांधा : हस्तिदंतापासून पॉलिएथिलीनपर्यंत

सांध्यांचे प्रकार शिकवताना आपण बिजागरीचा सांधा म्हणून कोपर दाखवतो आणि उखळीचा सांधा म्हणून खांदा. विद्यार्थी हात गरगर फिरवून दाखवतात, वर्गात थोडा हशा होतो आणि पाठ पुढे सरकतो. खुब्याचे नाव तेवढे फळ्यावर राहते. जाड स्नायूंच्या आत खोल दडलेला हा सांधा ना डोळ्यांना दिसतो, ना हाताला सहज लागतो. तो बिघडला म्हणजेच त्याची आठवण होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) कोणत्याही तालुक्याचा आठवडे बाजार घ्या. दर पावलाला एका अंगाला झुकत चालणारी दोन-चार माणसे तेथे हमखास दिसतील. गावात म्हणतात, ‘खुबा गेला’. कारणे निरनिराळी असतात. कोणाच्या सांध्यावरची कूर्चा झिजलेली असते, कोणाला लहानपणी हाडाचा क्षय झालेला असतो, कोणी शेताच्या बांधावरून पडलेले असते. झुकण्याची दिशा मात्र जवळजवळ सर्वांची एकच, दुखऱ्या बाजूकडे. वरवर पाहता हे उलटे वाटते. दुखऱ्या पायावर भार का द्यावा? उत्तर तरफेच्या धड्यात आहे, आणि खुब्याच्या उपचारांचा पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी ते आधी पाहणे बरे.

साठ किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे असे धरू. त्या पायाचे वजन सोडले तर खुब्याने पेलायचा भार सुमारे ५० किलो. हा भार खुब्याच्या केंद्रापासून साधारण १० सेंटिमीटर आतल्या बाजूस पडतो, म्हणजे शरीर मोकळ्या बाजूला कलंडू पाहते. ते सावरतात कुल्ह्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू. त्यांचे खुब्यापासूनचे अंतर जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणजे त्यांना १०० किलोचा ओढ लावावा लागतो. सांध्यावर पडणारा दाब या दोहोंची बेरीज : दीडशे किलो. नुसते उभे राहण्यात वजनाच्या अडीचपट! माणूस दुखऱ्या बाजूला झुकतो तेव्हा तो १० सेंटिमीटरचे अंतर कमी करत असतो. त्याने भौतिकशास्त्र शिकलेले नसते, पण त्याच्या शरीराला ते कळलेले असते.

आता काठी. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात. ती विरुद्ध हातात हवी. खुब्यापासून ५० सेंटिमीटरवर टेकलेल्या काठीवर फक्त ५ किलोचा दाब दिला, तर ५०० पैकी २५० एककांचे आघूर्ण काठीच सांभाळते. स्नायूंना मग ५० किलोच ओढावे लागते आणि सांध्यावरचा दाब १५० वरून ९५ किलोंवर येतो. आकडे ढोबळ आहेत, पण नववी-दहावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. गावातील एखाद्या आजोबांची काठी या हातातून त्या हातात गेली, तर तासाचे चीज झाले म्हणायचे.

इतका दाब रोज हजारो वेळा सोसूनही सांधा साठ-सत्तर वर्षे चालतो, कारण हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि त्यात वंगणासारखा द्रव असतो. या जोडीचे घर्षण बर्फावर सरकणाऱ्या स्केटच्या घर्षणाहूनही कमी भरते. कूर्चेची अडचण अशी की तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. एकदा झिजली की ती जवळजवळ भरून येत नाही. मग हाडावर हाड घासते, कडांना हाडाचे काटे फुटतात, हालचाल आखडत जाते. हाच झिजेचा संधिवात.

आखडलेल्या खुब्यावर शस्त्राने उपाय करण्याची पहिली नोंद घेण्याजोगी घटना १८२६ सालची. अमेरिकेत फिलाडेल्फियात जॉन ऱ्हे बार्टन यांनी एका खलाशाचे गोठलेल्या सांध्याजवळचे हाड कापले आणि हाडाची टोके जुळू नयेत म्हणून पाय हलवत ठेवला. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा नव्हते. शस्त्रक्रिया सात मिनिटांत उरकली, आणि काही वर्षे तरी त्या माणसाला पाय हलवता आला. जिवंत हाडांच्या मध्ये हालचाल टिकवता येते, एवढे यातून कळले. त्यानंतर बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९०च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवले. रुग्ण बहुधा क्षयाचे, म्हणजे सांधा आधीच जंतूंनी पोखरलेला. सुरुवातीला ठीक चाललेले हे सांधे पुढे संसर्गामुळे निकामी झाले. कल्पना शंभर नंबरी, पण जागा चुकीची निवडलेली.

बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांची गोष्ट जास्त मनोरंजक आहे. एका रुग्णाच्या पाठीत बरेच दिवस राहिलेला काचेचा तुकडा काढताना त्यांना त्याभोवती गुळगुळीत, ओलसर पापुद्रा तयार झालेला दिसला. त्यावरून १९२३ साली त्यांनी मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर काचेची टोपी बसवली. टोपीखाली नवी कूर्चा तयार होईल, ही अपेक्षा. काचा फुटल्या. त्यांनी दुसरे पदार्थ वापरून पाहिले आणि १९३८ मध्ये दंतवैद्यकातून आलेल्या व्हायटॅलियम या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूवर ते स्थिरावले. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी गोळा आणि वाटी दोन्ही पोलादाची बसवली. युद्धाच्या धामधुमीत त्या रुग्णांच्या नोंदीच नाहीशा झाल्या. नोंदी हरवल्या की प्रयोग झाला तरी तो न झाल्यासारखाच. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता या इतिहासाच्या गाभ्याकडे वळू. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथे क्षयरोग्यांसाठी बांधलेले एक रुग्णालय होते. तेथे जॉन चार्नली (१९११-१९८२) हे अस्थिशल्यविशारद काम करत. पॅरिसच्या ज्युडे बंधूंच्या पद्धतीचा ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. त्याची तक्रार वेगळीच होती. चालताना, वाकताना त्याचा खुबा कुरकुर वाजे, इतका की बायको टेबलावरून उठून जाई. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिले असते. चार्नलींनी विचार केला : आवाज येतो, म्हणजे घर्षण फार आहे, घर्षण फार, म्हणजे गोळा वाटीत फिरताना हाडात बसवलेला आपला दांडा सैल करत असणार. बिघाड हाडात नाही, वंगणात आहे.

त्यांनी मग यंत्रशास्त्रज्ञाप्रमाणे हिशेब मांडला. घर्षणाचे आघूर्ण हे घर्षणांक, भार आणि गोळ्याची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतके. भार आपल्या हाती नाही. उरलेले दोन कमी करायचे. नैसर्गिक गोळ्याची त्रिज्या २३ मिलिमीटरच्या आसपास असते. चार्नलींनी व्यासच ७/८ इंच, म्हणजे २२.२२५ मिलिमीटर ठरवला. आघूर्ण एका फटक्यात निम्मे. घर्षणांक कमी करण्यासाठी त्यांनी वाटी टेफ्लॉनची केली. भांड्यांवरच्या लेपामुळे हा पदार्थ आता घरोघरी माहीत आहे. दांडा हाडात बसवण्यासाठी दातांच्या कवळीच्या ॲक्रिलिकपासून तयार केलेले सिमेंट. हे सिमेंट चिकटत नाही, फटीत भरून बसते आणि भार सर्वत्र वाटून देते. भिंतीत खुंटी ठोकताना गवंडी जो माल भरतो तोच प्रकार.

१९५८ नंतरच्या तीन-चार वर्षांत सुमारे ३०० रुग्णांना टेफ्लॉनचे सांधे बसले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. आणि मग, एक-दोन वर्षांतच, क्ष-किरण चित्रांत गोळा वाटीत रुतताना दिसू लागला. टेफ्लॉन निसरडे खरे, पण मऊ. शिवाय त्याच्या झिजलेल्या कणांभोवती शरीरात सूज येऊन गाठी होत आणि हाड खाल्ले जाई. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे, हा भौतिकशास्त्राचा धडा तीनशे माणसांच्या शरीरात शिकला गेला. हे वाक्य आम्ही जाणूनबुजून इतक्या कठोरपणे लिहिले आहे. चार्नलींनी त्या रुग्णांना दुसऱ्याकडे पाठवले नाही. बिघडलेले सांधे स्वतः काढले. टेफ्लॉनचे आणि पुढच्या नव्या पदार्थाचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले, ऊतींवर काय परिणाम होतो ते पाहिले आणि टेफ्लॉनविरुद्धचा निष्कर्ष १९६३ साली छापून टाकला.

नवा पदार्थ आला तो योगायोगाने. मे १९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. त्याच्याकडे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा नमुना होता. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या मागांचे भाग त्याचे बनत. (मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या विणकरांचे काय केले हे आपण इतिहासात शिकवतो, त्या गिरण्यांचा मानवजातीला झालेला हा एक उपयोगही सांगायला हरकत नाही.) कार्यशाळेतले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तुकडा ठेवून घेतला. चार्नलींनी तो नखाने दाबून पाहिला आणि वेळ वाया घालवू नका म्हणून सांगितले. चार्नली परदेशी गेलेले असताना क्रेव्हननी तो तरीही झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे अखंड घासूनही हा पदार्थ टेफ्लॉन एका दिवसात झिजते तितकाही झिजला नव्हता. नोव्हेंबर १९६२ पासून वाटी पॉलिएथिलीनची झाली. आजही जगातल्या बहुतेक कृत्रिम खुब्यांची वाटी त्याच पदार्थाच्या सुधारित रूपाची असते.

या वेळी मात्र चार्नली सावध होते. बरीच वर्षे त्यांनी हा सांधा खुल्या बाजारात विकू दिला नाही. राइटिंग्टनला येऊन शिकलेल्यांनाच तो मिळे. आपला खुबा मृत्यूनंतर तपासायला द्यावा, अशी ते रुग्णांना विनंती करत. सुरुवातीला शंभरातील सातेक रुग्णांच्या जखमा आतून चिघळत. यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागी गाळलेल्या हवेचा तंबू उभारला. त्याने प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. पण श्रेय हवेचे की प्रतिजैविकांचे की हात बसल्याचे, हा वाद राहिला. तो मिटवण्यासाठी ब्रिटन आणि स्वीडनच्या रुग्णालयांत आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन प्रकारच्या खोल्यांत वाटून दिल्या गेल्या. १९८२ साली निकाल आला : नेहमीच्या हवेत खोल संसर्ग १.५ टक्के, अतिस्वच्छ हवेत ०.६ टक्के. प्रयोग असा हवा.

भारतात हे तंत्र रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. जिल्ह्याच्या गावी मात्र बरीच वर्षे पूर्ण सांधा ही दूरची गोष्ट होती. म्हातारपणी पडून मांडीच्या हाडाची मान मोडली की ऑस्टिन मूर यांच्या पद्धतीचा, भारतातच तयार होणारा स्वस्त पोलादी गोळा बसवत. वाटी रुग्णाची स्वतःचीच. नगर जिल्ह्यात लोणी येथे सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने रुग्णालय उभे राहिले, १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि खुब्याच्या रुग्णाला पुण्या-मुंबईची वाट न धरता उपचार मिळण्याची सोय झाली.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. युरोप-अमेरिकेत खुबा बदलण्याचे मुख्य कारण म्हातारपणची झीज. आशियात ती खुब्याला बरीच कमी आढळते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बीजिंगमधील वृद्धांत तिचे प्रमाण अमेरिकेतील गोऱ्या वृद्धांच्या तुलनेत ८० ते ९० टक्क्यांनी कमी भरले. आपण उकिडवे बसतो म्हणून आपले खुबे चांगले, असे अभिमानाने सांगितले जाते; ते सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे झिजतात ते गुडघे. खुब्याचा रुग्ण आपल्याकडे पुष्कळदा तिशी-चाळिशीतला असतो. मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते आणि गोळा चेपतो. मद्य, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, जुनी इजा ही त्याची कारणे. कोविडच्या साथीत स्टेरॉइडे घेतलेल्या तीन रुग्णांचे असे खुबे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली नोंदवले.

याच डॉक्टरांचे आणखी एक काम आपल्या विषयाला फार जवळचे आहे. तरुण माणसाचा सांधा बदलला तर तो त्याच्या हयातीत पुन्हा बदलावा लागण्याचा संभव मोठा. मग गोळा चेपण्याआधीच थांबवता आला तर? हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिले जाणारे ॲलेन्ड्रोनेट हे औषध त्यांनी या रुग्णांना दिले. २००५ मध्ये ६० रुग्णांच्या १०० खुब्यांचा आणि २००९ मध्ये ३९५ खुब्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला : वेदना घटल्या, शस्त्रक्रिया पुढे ढकलता आल्या. औषध स्वस्त, गोळी तोंडाने घ्यायची. पण या अभ्यासांत औषध न घेतलेल्यांचा तुलनागट नव्हता. २००५ सालीच तैवानमध्ये चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. औषध घेतलेल्यांच्या २९ खुब्यांपैकी २ चेपले, न घेतलेल्यांच्या २५ पैकी १९. इतका मोठा फरक क्वचितच दिसतो! प्रश्न सुटला असे वाटते ना? पुढे तैवानमध्येच अनेक रुग्णालयांनी मिळून प्रयोग केला. यात दुसऱ्या गटाला अगदी तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली, आणि कोणाला काय मिळते हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. २०१२ चा निकाल : औषध घेणाऱ्यांच्या ३२ खुब्यांपैकी ४ बदलावे लागले, न घेणाऱ्यांच्या ३३ पैकी ५. फरक जवळजवळ नाही. पहिल्या लोकांनी खोटे लिहिले होते का? मुळीच नाही. रोगाची पायरी, गोळ्याच्या मेलेल्या भागाचा आकार, रुग्णांची थोडी संख्या, यांतले काहीही पारडे फिरवू शकते. ‘प्रयोगाने सिद्ध झाले’ हे शब्द मुलांसमोर वापरताना हे उदाहरण जवळ असावे.

मोठ्या गोळ्याचीही एक गोष्ट आहे. चार्नलींच्या लहान गोळ्याने घर्षण कमी केले, पण लहान गोळा वाटीतून निसटण्याचा धोका जास्त. म्हणून काही कंपन्या पुन्हा धातूच्या मोठ्या गोळ्याकडे आणि धातूच्याच वाटीकडे वळल्या. डेप्यू या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीचा एएसआर सांधा हा त्यांतला. वाटी उथळ होती. कडेवर भार आला की कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात आणि भोवतालच्या मांसात उतरत. ब्रिटनमध्ये पाच वर्षांत यांपैकी १२-१३ टक्के सांधे बदलावे लागल्याचे दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार बसले होते. धोका उमगला तो ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांमुळे. स्वीडनने अशी नोंदवही १९७९ सालीच सुरू केली होती. प्रत्येक सांध्याचा प्रकार, तारीख, आणि तो पुन्हा काढावा लागला का, एवढेच तिच्यात लिहायचे.

भारतात एएसआरच्या सुमारे ४७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या समितीला त्यांतील साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. नुकसानभरपाई ठरली, पण द्यायची कोणाला? वाइल्स यांच्या नोंदी बाँबवर्षावाच्या दिवसांत गेल्या, हे समजू शकते. येथे तसे काही नव्हते. ज्यांच्या घरी कुणाचा सांधा बदलला असेल त्यांनी पेटीवरचा छापील लेबलाचा तुकडा, सांध्याचे नाव आणि क्रमांक रुग्णालयाकडून मागून घ्यावा आणि रेशनकार्डासारखा जपून ठेवावा.

राहिला प्रश्न शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा. पाश्चात्त्य पुस्तकांतली पथ्ये अशी : मांडी घालू नये, जमिनीवर बसू नये, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, कुशीवर झोपू नये. नगरच्या खेड्यात याचा अर्थ जेवण, शौच, खुरपणी, कीर्तन या सगळ्यांतून उठणे. भारतीय बैठकीचा विचार आपल्या लोकांनी केलेला आहे. जयपूर फूट उकिडवे बसता यावे म्हणूनच तसे घडले, पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा गुडघा भारतात घडवला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभारलेल्या प्रकल्पात गावातल्याच माणसांच्या हातून कृत्रिम पाय बनले, आणि पुष्कळशा निरक्षर असलेल्या आरोग्यसेविका घरोघर जाऊ लागल्या. रुग्ण रुग्णालयात आठवडाभर असतो, घरी वर्षानुवर्षे. ही साधी गोष्ट आरोळे दांपत्याने फार लवकर ओळखली होती.

त्या पथ्यांचीही परीक्षा झाली आहे. २००५ साली अमेरिकेत सांध्याला पुढून-बाजूने छेद घेतलेल्या ३०३ खुब्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांना कुशीवर न झोपणे, उंच आसन, गाडी न चालवणे अशी जादा बंधने, निम्म्यांना ती नाहीत. सांधा निसटला फक्त एकाचा, आणि तो बंधने पाळणाऱ्या गटातला. बंधने नसलेले लवकर कामावर गेले. याचा अर्थ मांडी घाला असा मात्र नव्हे. खुबा फार न वाकवण्याची आणि पाय पायावर न टाकण्याची मूळ सूचना दोन्ही गटांना होतीच, आणि मागून छेद घेतला असेल तर निसटण्याचा धोका अधिक असतो. छेद कोठून घेतला हे शस्त्रवैद्यालाच विचारावे.

सर्वांत आश्चर्याची बाब शेवटी सांगतो. २०१९ साली ऑस्ट्रेलिया व फिनलंडच्या नोंदवह्यांवरून हिशेब निघाला की १०० पैकी सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. इतकी यशस्वी शस्त्रक्रिया. पण ती न करता नुसता व्यायाम केला तर काय होते, ही तुलना चिठ्ठ्या टाकून कोणी केलीच नव्हती! ती डेन्मार्क आणि नॉर्वे येथे झाली आणि २०२४ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढचे १०९ रुग्ण, सगळे झिजेच्या संधिवाताचे. सहा महिन्यांनी ४८ गुणांच्या मोजपट्टीवर शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा १५.९ गुण, व्यायामाच्या गटाची ४.५. शस्त्रक्रिया स्पष्टपणे सरस ठरली. तरीही व्यायामाच्या ५६ जणांपैकी १२ जणांनीच त्या सहा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांनी थांबणे पसंत केले. त्यांना बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली भार वाढवत नेणारे व्यायाम दिले होते. त्यांतला एक होता पाय बाजूला उचलण्याचा, म्हणजे वरच्या गणितात १०० किलोचा ओढ लावणाऱ्या त्याच स्नायूंचा. तो घरीही करता येतो : चांगल्या कुशीवर निजून, दुखरा पाय सरळ ठेवून वर उचलायचा, हळू खाली आणायचा. दहा वेळा सहज जमू लागले की घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधायची. सांधा नुकताच बदललेला असेल, तर फिजिओथेरपिस्टने सांगेपर्यंत हा व्यायाम करायचा नाही.